‘बुद्धिभ्रंश’ खोडून ‘उन्हाळी’ लिहिण्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
श्रीमंत राधाकृष्णराव धर्मार्थ रुग्णालय,
कुंभकोणम, जिल्हा तंजावर.

दिनांक : ७ जानेवारी १९९१

विषय : श्रीमती वेंकटलक्ष्मी, वय ७७, यांच्या केसपेपरवरील खोटा शेरा दिनांक १८ च्या आत खोडून मिळणे, व तो लिहिणाऱ्यास शासन होणे.

संदर्भ : १) बाह्यरुग्ण क्रमांक ४१७, दि. ३ डिसेंबर १९९०.
२) आपल्या कचेरीतून मिळालेले तोंडी उत्तर, ‘पोंगल झाल्यावर या, पाट्टी.’

महोदय,

पोंगल झाल्यावर येऊन उपयोग नाही, म्हणून हा अर्ज आजच रुजू करीत आहे.

१. आपल्या रुग्णालयाचे दानपत्र दारातल्या संगमरवरावर कोरलेले आहे. त्यात दोन अटी आहेत. एक डॉक्टर मराठी जाणणारा असावा, आणि मराठीत आलेल्या अर्जाला मराठीतच उत्तर द्यावे. पहिल्या अटीने आमचा घात केला, म्हणून दुसरीचा आधार घेतला आहे. अर्जदाराचे वडील इथल्या कोर्टाच्या आवारात चाळीस वर्षे लोकांचे अर्ज लिहून देत. अर्जात ‘मी’ लिहू नये, ‘मी’ आला की मागून रडणे येते आणि साहेब लोक रडणे वाचत नाहीत, असे ते सांगत. तेव्हा यापुढे ‘अर्जदार’ म्हणजे गोमतीबाई, वय ६९, कै. मुकुंदरावांची बायको, आणि ‘अक्का’ म्हणजे मुकुंदरावांची थोरली बहीण वेंकटलक्ष्मी, अर्जदाराची नणंद. पंचावन्न वर्षे दोघी एका चुलीवर आहेत. घरात तिसरे कोणी नाही.

२. अक्काच्या केसपेपरवर आपले डॉ. शिरीष दातीर यांनी इंग्रजीत शेरा मारला आहे. त्याचा अर्थ अर्जदाराने दोन जणांकडून वेगवेगळा विचारून घेतला, तो एकच निघाला : वार्धक्यातील बुद्धिभ्रंश, बरा न होणारा, घरी सांभाळणे अवघड. या शेऱ्याची नक्कल जानकीरामच्या खिशात आहे. जानकीराम, अर्जदाराचा मुलगा, मद्रासला विमा कंपनीत अधिकारी आहे. त्याने तांबरमच्या पुढे, भ्रमिष्ट माणसे ठेवतात अशा एका गृहात अक्कासाठी खाट धरली आहे. दिनांक १९ ला तो मोटार घेऊन येणार आहे. अक्काला हे अजून कोणी सांगितलेले नाही. ती पोंगलसाठी जानकीरामला आवडतात म्हणून मुरुक्कू तळण्याचे बेत करीत आहे.

३. आता घडले ते असे. आम्ही माध्व वैष्णव. एकादशीला अक्का पाण्याचा थेंब घेत नाही, सतराव्या वर्षापासून घेतलेला नाही. एरवीही ती पाणी बेताने पिते, कारण आमचे शौचघर परसाच्या टोकाला आहे, आणि पावसाळ्यात, तो इकडे डिसेंबरपर्यंत असतो, तिथपर्यंतच्या फरशीला शेवाळे धरते. कमी प्यायले की कमी जावे लागते, असा तिचा हिशेब. मार्गशीर्षातल्या एकादशीनंतर चार दिवसांनी ती भाताच्या पातेल्यात दोनदा मीठ घालू लागली. पाचव्या दिवशी सकाळी ती कै. मुकुंदरावांना हाक मारत होती, की आंघोळीचे पाणी निवते आहे. मुकुंदराव जाऊन चौदा वर्षे झाली. अंगाला हात लावला तर ताप नाही. विचारले तर, ‘काही नाही गे, उन्हाळी लागली,’ एवढेच म्हणाली.

अर्जदार तिला घेऊन रुग्णालयात आली. सकाळी आठ वाजता बाकावर बसवले, आणि दीड वाजता आत बोलावले. या साडेपाच तासांत अक्काने चार वेळा उठायची खूण केली. बायकांच्या संडासाला कुलूप होते. किल्ली पहारेकरी रंगाकडे होती, आणि रंगा कॉफी प्यायला गेला होता. चारही वेळा तो कॉफीच प्यायला गेला होता. ज्या बाईने आयुष्यात कोणासमोर पदर ढळू दिला नाही, तिचे लुगडे दीड वाजता बाकावर मागून ओले झाले होते. बाकावर शेजारी बसलेल्या बाईने आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली. ती पिशवी उचललेली अर्जदाराला या जन्मी विसरता येणार नाही.

४. आत गेल्यावर अक्काने डॉक्टरांना नीट, स्पष्ट सांगितले, ‘वैद्या, मला उन्हाळी लागली आहे. चार दिस झाले.’

साहेब, आपल्याला माहीत असेलच, पण कागदावर यावे म्हणून लिहिते. लघवीला आग होते, थेंब थेंब होते, गेले तरी जावेसे वाटत राहते, त्याला आमच्याकडे उन्हाळी लागणे म्हणतात. बाईमाणसाने परक्या पुरुषासमोर याहून जास्त बोलायचे नसते. हा शब्द त्यासाठीच केलेला आहे, की दुखणे तर सांगून व्हावे आणि काही उघडे पडू नये.

नाशिकहून आलेले आपले डॉक्टर यावर हसले. ‘आजी, बाहेर डिसेंबर चालू आहे! उन्हाळा कुठला लागला तुम्हाला?’ उघड्या दाराबाहेर बाकावरची माणसे तमिळ, त्यांना काही कळले नाही, पण डॉक्टर हसतात म्हणून तीही हसली. मग डॉक्टरांनी विचारले, ‘बरं, महिना कुठला चाललाय सांगा.’ अक्का म्हणाली, ‘कार्तिकै.’ डॉक्टरांनी भिंतीवर टांगलेले, गावाकडून आणलेले पंचांग पाहिले आणि म्हणाले, ‘चुकलं! मार्गशीर्ष.’ साहेब, आपण या गावात नोकरी करता. इथे महिना सूर्यावरून धरतात. त्या दिवशी कुंभकोणमच्या प्रत्येक घरात, भाजीबाजारात, बसस्टँडवर आणि आपल्या कचेरीतल्या तमिळ कॅलेंडरवरही कार्तिकैच चालू होता. मार्गशीर्ष फक्त डॉक्टरांच्या भिंतीवर होता. तरी कागदावर फुली अक्काच्या नावापुढे पडली.

लघवी तपासली नाही. पोटाला हात लावला नाही. जीभ कोरडी आहे हे पाहिले नाही. झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या, रात्री एक, दुपारी अर्धी. वेळ लागला तो चार मिनिटे.

५. त्या गोळ्यांनी अक्का दिवसाही झोपू लागली. झोपलेले माणूस पाणी पीत नाही, आणि उठून परसात जात नाही. पाच दिवसांनी जानकीराम तिला पाहायला आला तेव्हा ती अंथरुणात ओली पडली होती आणि त्याला ‘कोण आला, मळेकरी का?’ असे विचारत होती. तो तसाच रुग्णालयात जाऊन डॉक्टरांना भेटला आणि शेऱ्याची नक्कल घेऊन मद्रासला गेला. त्यानंतर चार दिवसांनी अक्का गोळीच्या गुंगीत परसाच्या शेवाळावरून घसरली. कोपर फुटले. कंबर वाचली, ती आमच्या मठातल्या श्रीरायरांच्या कृपेने. आपल्या रुग्णालयाच्या नव्हे.

कोपराची पट्टी बदलायला चौदा तारखेला आणले, तेव्हा पट्टी बांधणारी नर्स धनलक्ष्मी हिने वाकून वास घेतला आणि हळूच विचारले, ‘नीर एरिच्चल इरुक्का, पाट्टी?’ म्हणजे पाणी जाताना आग होते का, आजी. अक्काने डोळे उघडले आणि मराठीतच म्हणाली, ‘अगे, तेच तर अस्कं त्याला सांगितलं!’ (अस्कं म्हणजे सगळे.) धनलक्ष्मीने बाटली दिली, स्वतः धरून नेले, धुवायला लावून मधल्या धारेचे पाणी घेतले, आणि डॉक्टरांच्या सहीवाचून लॅबमध्ये देऊन आली. पू निघाला, आणि पाहायच्या काचेत मावणार नाही इतका. ते पाणी तंजावरला कल्चरसाठी पाठवले. तीन दिवसांनी कुठले जंतू आणि त्यांच्यावर कुठली गोळी चालते ते आले. तिथल्या लेडी डॉक्टरबाईंनी गोळ्या लिहून दिल्या आणि झोपेची गोळी बंद करायला सांगितली. त्यांनी अर्जदाराला जे समजावले ते आपल्या डॉक्टरांना कोणी समजावले नसावे म्हणून देते : म्हाताऱ्या माणसाला जंतू झाले तर ताप यायलाच हवा असे नाही, पोटात दुखायलाच हवे असेही नाही. कधीकधी आधी बोलणेच बिघडते. कालपर्यंत धड असलेले माणूस दोन दिवसांत भलते बोलू लागले, तर तो म्हातारपणाचा भ्रंश समजू नये. शरीरात काय बिघडले ते शोधावे. दोन-दोन तासांनी पाणी द्यावे. लागो न लागो, तीन-तीन तासांनी शौचघरात नेऊन आणावे. धुताना हात पुढून मागे न्यावा. लुगडे ओले राहू देऊ नये. वाटेवर दिवा असावा आणि फरशी घासलेली असावी.

हे सगळे अर्जदाराने केले. पाण्याचे मात्र भांडण झाले. अक्का म्हणे, ‘मी काय म्हैस आहे, दिवसभर पाण्यात तोंड घालून बसायला?’ पुढची एकादशी आली तेव्हा तर ती ओठ मिटून भिंतीकडे वळली. अर्जदार मठात बालकृष्णाचार्यांकडे गेली. ते म्हणाले, आजारात औषधाला दोष नाही, आणि तीर्थाला कधीच दोष नाही. तेव्हापासून पाण्याच्या प्रत्येक टंबळरात तुळशीचे पान पडते आणि अक्का ते तीर्थ म्हणून घेते. एकादशीला नऊ वेळा तीर्थ झाले. संध्याकाळी अक्का म्हणाली, ‘गोमती, आज तू मला नऊदा वैकुंठास पाठवलीस की गे.’ भ्रमिष्ट बाईला अशी थट्टा सुचते काय, हे आपणच ठरवावे.

६. चोवीस तारखेला अर्जदार डॉक्टरांकडे शेरा खोडून मागायला गेली. ते म्हणाले, ‘रेकॉर्ड आहे आजी, खोडता येत नसतं. आणि इन्फेक्शन वेगळं, डोकं वेगळं.’ धनलक्ष्मीला मात्र त्याच दिवशी मेमो मिळाला, की हुकुमावाचून लघवी का तपासली. पोस्टातून जानकीरामला फोन केला तर तो म्हणाला, ‘अम्मा, ही माणसं चार दिवस बरी असतात, मग परत तेच. आणि डॉक्टर आपला मराठी आहे, देवमाणूस आहे, असं तूच सांगत होतीस.’ हे खरे आहे. अर्जदारच सांगत होती.

मग अर्जदाराने एक कार्ड लिहिले. डॉक्टर पहिल्यांदा या गावात आले तेव्हा त्यांनी कौतुकाने आपल्या आईचा पत्ता दिला होता, की ‘तुमचं हे पोथीतलं मराठी तिला फार आवडेल, लिहा तिला.’ त्या बाईंना अर्जदाराने एवढेच विचारले, की उन्हाळी लागणे याला तुमच्या नाशकात काय म्हणतात. उत्तर ३ तारखेला आले. सुवाच्य अक्षर आहे. त्या लिहितात : ‘उन्हाळीच म्हणतात हो, दुसरे काय म्हणणार? आमच्या शिरीषलाच चौथीत असताना लागली होती. सबंध शाळेत चड्डी धरून नाचत होता. मी धन्याजिऱ्याचे पाणी दिले. त्याला विचारा, आठवत असेल.’

तेव्हा हा शब्द तंजावरचा वेडाचार नाही. तो डॉक्टरांच्या स्वतःच्या घरातला आहे, आणि त्यांच्या स्वतःच्या अंगाला लागून गेलेला आहे.

७. यास्तव अर्जदाराच्या मागण्या अशा :

(अ) शेरा डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने खोडावा. मागच्या बाजूला बारीक अक्षरात दुरुस्ती चालणार नाही. ज्या जागी ‘बुद्धिभ्रंश’ आहे, त्याच जागी लाल शाईने ‘उन्हाळी’ लिहावे, देवनागरीत.

(आ) डॉक्टरांना कोणत्याही सोमवारी सकाळी आठ वाजता चार टंबळर पाणी पाजून बाह्यरुग्ण विभागातल्या त्याच बाकावर दीड वाजेपर्यंत बसवावे. पुरुषांच्या संडासाला कुलूप असावे. किल्ली रंगाकडे असावी. रंगाच्या कॉफीचा खर्च अर्जदार सोसेल. बारा वाजल्यापुढे त्यांना महिना कोणता चालू आहे हे विचारावे, आणि ते उत्तर तमिळ पंचांगाशी ताडून फुली मारावी.

(इ) त्यांच्या आईच्या कार्डाची नक्कल त्यांच्या सर्व्हिस बुकात चिकटवावी, आणि बढतीच्या वेळी ती कमिटीपुढे मोठ्याने वाचली जावी. ‘चड्डी धरून’ हे शब्द गाळू नयेत.

(ई) बाह्यरुग्ण विभागाच्या दारावर मराठीत व तमिळमध्ये पाटी लावावी : ‘म्हातारे माणूस एकाएकी भलते बोलू लागले तर त्याला वेडा म्हणण्याआधी तपासावे. लघवीही तपासावी.’ पाटीखाली डॉक्टरांचे नाव असावे, म्हणजे ही विद्या कोणामुळे मिळाली ते लोकांना कळेल.

(उ) धनलक्ष्मीचा मेमो रद्द करावा. न केल्यास अर्जदार रोज सकाळी आठ वाजता येऊन त्या बाकावर बसेल. तिला आता दुसरे काम नाही आणि तिची प्रकृती उत्तम आहे.

सूड वाटला तर वाटू द्यावा. अर्जदाराचे वडील दुसऱ्यांसाठी शेकडो अर्ज लिहून थकले, आणि प्रत्येकात ‘दया व्हावी’ असे लिहिले. किती जणांवर झाली, ते अर्जदाराने लहानपणी ओट्यावर बसून पाहिले आहे. म्हणून या अर्जात तो शब्द घातलेला नाही.

८. प्रतिपक्षाला सापडेल ते आपण आधी लिहावे, असेही वडील म्हणत. म्हणून हेही लिहिते.

त्या दिवशी डॉक्टरांनी शेवटी विचारले, ‘आजी, मुलं किती तुम्हाला?’ अक्का म्हणाली, ‘एक.’ डॉक्टरांनी फॉर्म पाहिला. फॉर्मवर बालविधवा, अपत्य नाही, असे अर्जदारानेच लिहून दिलेले. त्यांनी मान वर करून अर्जदाराकडे पाहिले. अर्जदार हसली. नाशिकचा शिकलेला डॉक्टर, आपली भाषा बोलणारा, तिच्याकडे पाहून हसत होता, म्हणून तीही हसली आणि म्हणाली, ‘नाही हो डॉक्टर, तिला कुठलं मूल! तो माझा.’ मग दुसरी फुली पडली, आणि तिच्याखाली तो शेरा. अक्काने अर्जदाराकडे एकदा पाहिले, आणि ओल्या लुगड्याचा सोगा पुढे ओढून घेतला.

साहेब, जानकीराम १९४३ साली झाला. बाळंतपणानंतर अर्जदार पावणेदोन वर्षे अंथरुणाला खिळली होती. दूध नव्हते, हात उचलत नव्हता. त्या मुलाला अक्काने गाईच्या दुधाच्या वातीवर वाढवला. त्याचे दात तिच्या मांडीवर आले. पंचेचाळीसच्या महामहम पर्वणीला तळ्याकाठी पाय ठेवायला जागा नव्हती, तेव्हा तिने त्याला पदराने पोटाशी बांधला आणि गर्दीतून सुखरूप आणला. तिच्या दोन्ही खांद्यांवर लोकांच्या कोपरांचे वळ आठ दिवस होते. शाळेत जाईपर्यंत तो तिलाच आई म्हणे. शाळेत नाव घालताना अर्जदाराने ते बंद करवले. लोक काय म्हणतील, असे तेव्हा तिने कारण दिले होते. खरे कारण मत्सर हे होते.

डॉक्टरांना एक शब्द कळला नाही. अर्जदाराला तर सगळे कळत होते.

म्हणून शेवटची मागणी अशी. केसपेपरवर ‘अपत्ये’ असा रकाना आहे. त्यात अर्जदाराच्या सांगण्यावरून ‘नाही’ लिहिले आहे. ते खोडून ‘एक, जानकीराम’ असे लिहावे, आणि त्यापुढची फुली काढावी. उत्तर बरोबर होते. असे लिहायला मुलाला जन्म देणाऱ्या बाईची हरकत नाही. तिची सही खाली आहे, दोन साक्षीदारांसमोर केलेली.

या एका गोष्टीपुरती नम्र, बाकीच्यांपुरती नव्हे,

गोमतीबाई
(कै. मुकुंदराव यांची पत्नी)
रायर अग्रहार, कुंभकोणम

साक्षीदार : १) बालकृष्णाचार्य २) वसंता, शेजारीण

सोबत :
१) लघवी तपासणीचे कागद, दोन.
२) डॉक्टरांच्या मातोश्रींच्या कार्डाची खरी नक्कल. मूळ कार्ड मागितल्यास दाखवले जाईल, हातात दिले जाणार नाही.

प्रत : चि. जानकीराम, मद्रास, रजिस्टर पोस्टाने. १९ तारखेला मोटार आणण्यापूर्वी परिच्छेद आठ वाचावा. मोटार आणलीच, तर तिच्यात दोघींना जागा असावी.